मैत्रीची ड्यूटी

मधली सुट्टी होती. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली सिमेंटचा ओटा आहे, त्यावर नववीच्या चार मुली डबा खात बसल्या होत्या. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. या वयाच्या चौघी एकत्र बसल्या की आवाज होतो. भाज्यांची अदलाबदल होते, कोणाची तरी टिंगल होते, एखादी उगाच किंचाळते. या मात्र गप्प होत्या. तिघी मान खाली घालून भराभर जेवत होत्या. मधे बसलेली जान्हवी एकेकीकडे बघून हसत होती, काहीबाही विचारत होती. उत्तर यायचं ते एका शब्दात.

घंटा झाली तशा तिघी एकदम उठल्या. जान्हवी डबा धुवायला नळावर गेली. बाकीच्या माझ्या खिडकीवरून वर्गाकडे निघाल्या आणि त्यातली वैष्णवी दुसरीला म्हणाली, "चला, सुटलो बाप्पा."

मी तिला खिडकीतूनच हाक मारली. "काय गं, कशातून सुटलात?"

"काई नाई मॅडम. ड्यूटी होती."

"कसली ड्यूटी?"

"मैत्रीची."

मला वाटलं, पोरगी माझी फिरकी घेतेय. पण तिचा चेहरा अगदी सरळ होता. परिपाठाची ड्यूटी असते, फळा पुसायची असते, तशी ही.

"इखार सरनं लावली मॅडम. रोल नंबरनं. आज आमी तिघी, उद्या पुढच्या तिघी. जान्हवीजवळ बसाचं, तिच्यासंगं बोलाचं, तिले एकटं सोडाचं नाई. आन् तिले सांगाचं नाई म्हनलं सरनं."

"मग बोलत का नव्हता?"

"काय बोलाचं मॅडम? सरची पोरगी हाये ते. आमी काई बोललो आन् तिनं घरी जाऊन सांगतलं त?"

एवढं बोलून ती पळाली. मी खुर्चीत बसून राहिले. मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. वर्ध्याला राहते आणि आठवड्याचे दिवस वाटून घेतल्यासारखी एकेका शाळेत जाते. एक दिवस सेलू, एक दिवस आर्वी, असं. समुपदेशन म्हणजे सल्ला देणं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. मुलाला बोलता येईल अशी जागा करून द्यायची आणि ऐकायचं, हे आमचं मुख्य काम. ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही. अपवाद एकच. मुलाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर सांगावंच लागतं. याला आमच्या भाषेत गोपनीयता म्हणतात.

या गोपनीयतेपायी स्टाफरूममध्ये आपल्याशी कोणी मोकळेपणी बोलत नाही, हे मात्र ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी आत गेले की शिक्षक विषय बदलतात. मुलांची आणखी वेगळी तऱ्हा. माझ्या खोलीत जो येईल तो 'मेंटल', असा एक समज. त्यामुळे येणारा इकडेतिकडे बघत येतो आणि जाताना जवळजवळ पळतो. आर्वीच्या शाळेत माझी खोली म्हणजे खेळाच्या साहित्याची खोली. लेझीम, फुटबॉल आणि मी.

काही आठवड्यांपूर्वी इखार सर याच खोलीत आले होते. गणिताचे शिक्षक, नववी अ चे वर्गशिक्षक, शाळेतले सगळ्यात शिस्तीचे. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेन.

"मॅडम, एक केस आहे," ते उभ्यानंच म्हणाले. "नववी अ ची विद्यार्थिनी. मधल्या सुट्टीत एकटी बसते. डबा तसाच परत नेते. रोज पोट दुखतं म्हणते. डॉक्टरांना दाखवलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"पालकांना बोलावलंत का?"

त्यांनी खिशातलं पेन सरळ केलं. "पालक मीच आहे."

मग बसले. जान्हवी त्यांची एकुलती एक. आई गडचिरोलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मोठ्या सुट्टीत घरी येते. बदलीचा अर्ज दिलेला आहे. घरात बापलेक दोघंच. सकाळी दोघं एकाच मोटरसायकलवर शाळेत येतात. सर सगळ्यांच्या आधी येतात, म्हणून तीही आधी येते. सरांची मीटिंग असते, म्हणून सगळे गेल्यावर जाते. म्हणजे ज्या वेळात पोरींच्या मैत्र्या होतात, सायकल हातात धरून चालताना, बसस्टॉपवर उभं असताना, ती वेळ तिच्या वाट्याला आलीच नव्हती. आणि वर्गात ती सरांची पोरगी. तिच्यासमोर कोण कोणाची नक्कल करणार? नक्कल करायची ती तिच्याच बापाची.

"मला तिच्याशी बोलू द्या," मी सरांना म्हटलं. "तोवर तुम्ही काही करू नका."

आता चांगल्या शिक्षकाला 'काही करू नका' हे सांगणं म्हणजे वाऱ्याला थांब म्हणण्यासारखं. शिक्षकाला अडचण दिसली की तो उपक्रम सुरू करतो. हस्ताक्षर खराब, उपक्रम. वाचन कच्चं, उपक्रम. मुलगी एकटी पडली, तर मग मैत्री उपक्रम.

पहिल्या भेटीत जान्हवी काही बोलली नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र स्वतःहून आली. डोळे चमकत होते. "मॅडम, आता पोरी बसतात माह्याजवळ. सोताहून. मी त काई केलं बी नाई." मला आनंद झाला. आठवडाभर तो आनंद मी जपून वापरला, कारण आमच्या धंद्यात तो रोज मिळत नाही. ड्यूटीची भानगड समजली ती त्यानंतर.

शाळा सुटल्यावर मी सरांना गाठलं.

"सर, हे काय केलंत?"

"परिणाम बघा ना मॅडम." ते खूश होते. "डबा पूर्ण संपतोय. पोटदुखी बंद."

"तिला कळलं तर?"

"कळणार नाही. मी सक्त ताकीद दिली आहे."

"सर, शाळेत सक्त ताकीद दिलेली गोष्ट किती दिवस टिकते?"

त्यांचा चेहरा उतरला. ड्यूटी एकदम बंद केली तरी तिला कळणार, चालू ठेवली तरी कधीतरी कळणारच. शेवटी ठरलं असं, की पुढच्या आठवड्यात मी येईन तेव्हा दोघांनी मिळून तिला खरं सांगायचं. एकांतात, सावकाश. तोवर कोणी काही बोलायचं नाही. सरांनी मान हलवली.

पण मुख्याध्यापकांनी कुठे मान हलवली होती? त्यांच्या कानावर उपक्रम गेला होता, आणि तो त्यांना फार आवडला होता. माणूस मनानं वाईट नाही. फक्त चांगली गोष्ट झाली की तिचा फोटो काढून वर पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी सेलूला होते त्या दिवशी परिपाठात त्यांनी प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या आणि सुविचार झाल्यावर माइक हातात घेतला. आपल्या शाळेत नववी अ चा एक नावीन्यपूर्ण उपक्रम सुरू आहे. आपली एक भगिनी एकाकी होती. वर्गातल्या मुलींनी पाळीपाळीनं तिला मैत्रीचा हात दिला. जान्हवी इखार, पुढे ये बाळा. मुलींनो, तुम्हीही या. फोटो काढू.

सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या.

हे मला सरांनी फोनवर सांगितलं. आवाज ओळखू येत नव्हता. "मीसुद्धा टाळ्या वाजवल्या मॅडम," ते म्हणाले. "सवयीनं. हात आपोआपच... वाजवताना माझं तिच्याकडे लक्ष गेलं."

"आता कुठे आहे ती?"

"घरी. त्या दिवसापासून शाळेत आली नाही. जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी काय करू सांगा."

मी वरिष्ठांची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी आर्वीची एसटी धरली. आम्ही शक्यतो घरी जात नाही, पण मूल बाहेर पडत नसेल तर जावं लागतं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या मार्केटकडे निघालेल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं चालल्या, तर एवढंच म्हटलं, शाळेच्या कामाला.

सरांचं घर लख्ख. हॉलमध्ये भिंतीवर वेळापत्रक लावलेलं. उठणे, अभ्यास, जेवण, उजळणी. जान्हवी आतल्या खोलीत होती. सर दारातून म्हणाले, "जान्हवी, मॅडम आल्या आहेत. उठून बस." भिंतीकडून आवाज आला, "हो सर."

मी चमकून सरांकडे बघितलं. ते ओशाळले. "पहिलीपासून माझ्याच शाळेत आहे ना. शाळेत बाबा म्हणायचं नाही, ही शिस्त मीच लावली. मग घरीही तेच राहिलं."

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, दार अर्धं लोटलं आणि तिच्या पलंगाजवळ खाली फरशीवर बसले. बराच वेळ गप्प बसले. गप्प बसणं हेही आमच्या कामातच येतं, आणि तेच सगळ्यात अवघड. मग मी तिला एक प्रश्न विचारला, जो आम्ही अशा वेळी सरळच विचारतो. लोकांना वाटतं, विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचं मुलांना बरं वाटतं.

"जान्हवी, जीव द्यावा, मरून जावं, असं काही मनात येतं का?"

ती वळली. डोळे सुजलेले. "नाई मॅडम. तसं नाई." मग म्हणाली, "फक्त कोनाले दिसू नये असं वाटते."

मी पुन्हा दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. ती खरं सांगत होती. तसं नसतं, तर मी त्याच दिवशी तिला वर्ध्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं असतं. तिथे गोपनीयता बाजूला ठेवावी लागते. तिला तसं स्पष्ट सांगितलं आणि असं काही मनात आलं तर रात्री-बेरात्रीही मला फोन करायचा, हे कबूल करून घेतलं.

मग ती बोलायला लागली, आणि थांबली नाही.

"मले मैत्रीन नोती तवा काई एवढं नोतं वाटत मॅडम. सवय झालती. मंग ह्या पोरी आल्या. मले वाटलं, मी आवडून राह्यली यायले. मी रोज रात्री ठरवो, उद्या काय बोलाचं. यायले काय विचाराचं. आन् त्या घंटीची वाट पाहत होत्या." ती उठून बसली. "शाळेत सर हायेत, घरी बी सरच हायेत. आई फोनवर विचारते, अभ्यास झाला का. मले कोनी विचारतच नाई मॅडम, का तू कशी हाये. विचारते त ड्यूटी म्हनून."

दाराबाहेर स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला. ऐकू नका म्हटलं तरी कोणता बाप ऐकणार नाही?

"आता काय हवंय तुला?" मी विचारलं.

"मले त्या वर्गात नाई बसाचं. शाळेत सरनं माह्याकडे पाहाचं नाई. आन् कोनीच माह्याजवळ येऊन बसाचं नाई. मले एकटीले बसू द्या. खरंखुरं एकटीले."

इतक्या वर्षांत मुलांनी माझ्याकडे बरंच काही मागितलं आहे. खरंखुरं एकटेपण कोणी मागितलं नव्हतं. मला गलबलून आलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलंही नाही.

स्वयंपाकघरात सर ओट्याला टेकून उभे होते. मी तिच्या परवानगीनं तिच्या अटी सांगितल्या. मग माझ्या पदरची एक घातली. घरात एक वेळचं जेवण दोघांनी सोबत करायचं आणि त्या वेळात अभ्यासाचा एकही प्रश्न विचारायचा नाही.

"मग बोलू काय?"

"नका बोलू. बसा नुसते."

"नुसतं?" हा माणूस बीजगणिताची अवघडातली अवघड रीत फळ्यावर सोडवून दाखवतो, पण नुसतं बसायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. मग एकदम त्यांची शाळेची भाषा गळून पडली. "म्या तिच्या चांगल्यासाठीच केलं हो मॅडम. माह्यानं पाहवतच नोतं. स्टाफरूमच्या खिडकीतून रोज दिसे, एकटी बसली हाये. माहा घास उतरे ना."

"माहीत आहे सर."

मुख्याध्यापकांची समजूत काढायला जास्त वेळ लागला. "सत्राच्या मधात तुकडी बदलायची म्हणजे पालक विचारतील," ते म्हणाले. "आणि उपक्रम मी वर पाठवलाय. त्यांनी पाहणीला यायचं म्हटलं तर?"

"तर सांगा, उपक्रम यशस्वी झाला, म्हणून बंद केला."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, पण ते वाक्य त्यांना कामाचं वाटलं असावं. जान्हवी नववी ब मध्ये गेली. तिथे गणित दुसऱ्या मॅडम शिकवतात. तिनं सायकलनं यायला सुरुवात केली.

आणि मधल्या सुट्टीत ती त्याच ओट्यावर एकटी बसू लागली. बघणं सोपं नव्हतं. सगळं मैदान पोरांनी भरलेलं आणि ती कडेला डबा उघडून बसलेली. शिक्षिका मला येऊन सांगायच्या, मॅडम, जरा कोणाला तरी पाठवा ना तिच्याजवळ. मी नाही म्हणायचे. त्यांना वाटलं असेल, ही बाई दगड आहे. मीही माझ्या लेझीम-फुटबॉलमध्ये बसून एकटीच डबा खात होते, पण त्याची कोणाला काळजी नव्हती. माझा मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. मला एकटं जेवायची सवय आहे, आणि तरीसुद्धा त्या पोरीकडे बघून मला दोनदा उठावंसं वाटलं. नाही उठले.

असे काही आठवडे गेले. मग एका सुट्टीत आरडाओरडा ऐकू आला. मी खिडकीशी गेले. ओट्यासमोर वैष्णवी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तू आमाले पाहून तोंड काऊन फिरवतं? आमी काय केलं तुह्यं? आमाले सरनं लावलं होतं!"

जान्हवी ताडकन उठली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मंग सांगाचं होतं ना मले! मी पागलसारखी हसत राह्यली तुमच्यासंगं!"

"सांगतलं असतं त तू बापाले सांगतलं असतं!"

"मी काईच सांगत नाई घरी! एकदा तरी सांगतलं का तुह्यं नाव? सांग!"

वैष्णवीनं दुसरीकडून हल्ला केला. "आन् आमची सुट्टी गेली ते? तुह्यी आलूची भाजी खाऊन खाऊन कंटाळलो आमी. मीठ बी नसे तिच्यात!"

"मले काय सांगतं? मी रोज खातो ते!"

इखार सर स्टाफरूममधून निघाले होते. भाजी तेच करतात. मी खोलीतून धावत बाहेर आले आणि व्हरांड्यात त्यांच्या समोर उभी राहिले.

"थांबा सर."

"मारामारी होईल मॅडम."

"होऊ द्या."

"अहो, ती तिला..."

"सर, भांडायला तिला कोणी पाठवलेलं नाही."

ते थांबले. त्यांचा एक पाय पायरीवर होता, तो त्यांनी मागे घेतला. वर्गात खडू पडला तरी ज्याला ऐकू येतं, तो माणूस आपल्या पोरीला भर मैदानात कोणी बोलतंय ते ऐकत खांबाला धरून उभा राहिला. त्या वर्षात त्या शाळेत कोणी केलेलं सगळ्यात कठीण काम ते होतं. माझ्या कामासकट सांगते.

मारामारी झाली नाही. दोघी दमेपर्यंत भांडल्या. मग वैष्णवी ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली, पाठ करून. रागातच होती. पण गेली नाही. घंटा झाली तरी दोघी जरा उशिराच उठल्या.

जान्हवी आता दहावीत आहे. मैत्रिणींबद्दल विचारलं तर म्हणते, "दीड हाये मॅडम." एक वैष्णवी, आणि अर्धी नववी ब मध्ये भेटलेली एक जण, जी वैष्णवी नसली तरच बोलते. एकटी बसलेली अजूनही दिसते अधूनमधून. मैत्री उपक्रमाला तालुक्यात शाबासकी मिळाली. मुख्याध्यापकांना तो सगळ्या वर्गांत राबवायचा होता. मी चार वेळा नको म्हटलं, तेव्हा त्यांनी वृक्षारोपण घेतलं.

परवा शाळा सुटल्यावर सर गेटपाशी भेटले. मोटरसायकल हातात, मागची सीट रिकामी. जान्हवी सायकलनं पुढे गेली होती.

"कसं चाललंय घरी?" मी विचारलं.

"भांडते मॅडम." पोरगी जिल्ह्यात पहिली आली असं सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले. "काल वेळापत्रकच फाडून टाकलं भिंतीवरचं. म्हने, बाबा, तुम्ही मले शिकवू नका, नुसते बसत जा."

"मग?"

"बसलो." ते हसले, आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

माझी एसटी यायची होती, म्हणून मी निघाले. लोक मला विचारतात, मूल एकटं पडलं तर काय करावं. मी सांगते, आधी हे बघा की त्याचं एकटेपण सहन कोणाला होत नाही, त्याला की तुम्हाला. तुम्हाला पाहवत नसेल, तर उपचार तुमच्यापासून सुरू करावा लागतो. हे ऐकल्यावर बहुतेक पालक पुन्हा येत नाहीत.